डाव्या कानातला दिलरुबा

"अगं बाई, आत्या गायब झाली!" कानावरचे हेडफोन काढत सुला ओरडली.

"गायब? ती बघ की खिडकीतनं, समोरच बसलीय!" ज्ञानू हसला.

१९४९ सालची मे महिन्याची सुट्टी होती. रहिमतपूरची सुला आणि तिचा धाकटा भाऊ ज्ञानू सांगलीला भामाआत्याकडे आले होते. तिथल्या शाळेच्या रिकाम्या वर्गात मुंबईचे इंजिनीअर कारखानीस आत्याचा गजानं वाजवायचा दिलरुबा आणि नाथाजीमामांची सतार एकत्र ध्वनिमुद्रित करत होते. एकाच दांड्यावर, एकावर एक असे दोन मायक्रोफोन! प्रत्येकाच्या पोटात कागदाहून पातळ धातूची फीत. आवाज लागला की ती थरथरायची. एकाचं तोंड आत्याकडे, दुसऱ्याचं मामांकडे. शेजारच्या खोलीत हेडफोन लावले, की दिलरुबा डाव्या कानात आणि सतार उजव्या! काल ते ऐकून सुलाच्या अंगावर काटा आला होता.

आज मात्र दोन्ही कानांत नुसती सतार.

"बाईंच्या हातात जोर नाही, साहेब," मदतनीस लालासाहेब घाम पुसत म्हणाले. "सतार एकटीच घेऊ. संध्याकाळची गाडी गाठायचीय."

खिडकीपलीकडं आत्यानं ते ऐकून गज खाली ठेवला. बाईमाणसानं चारचौघांत वाजवायचं म्हणून तिनं किती बोलणी खाल्ली होती! सुलाला बघवेना.

साहेब जेवायला गेले तशी ती ज्ञानूला म्हणाली, "एका रातीत आत्याचा जोर कुटं गेला रं?"

"जोर न्हाई गेला! सकाळी लालासाहेबांनी त्यांचा जाड कोट दांड्यावर अडकवला हुता. काढताना हिसका बसला. म्या बघितलं!"

सुलानं हात न लावता वाकून पाहिलं. काल दोन तोंडं दोन दिशांना होती. आज दोन्ही मामांकडेच!

"चल, साहेबांस्नी सांगू!" ज्ञानू म्हणाला.

"नुसतं सांगून लालासाहेब कबूल हुतील व्हय? थांब, गंमत करू."

साहेब परतताच सुला लाडात म्हणाली, "लालासाहेब, तुमचा आवाज लय खणखणीत! आत्याच्या जाग्यावर बसून बोला की!"

लालासाहेब खूश! सतरंजीवर ऐटीत बसून त्यांनी अशी आरोळी ठोकली, की कौलांवरचे कावळे उडाले. शेजारच्या खोलीत हेडफोन लावून बसलेल्या साहेबांच्या मात्र कपाळाला आठ्या पडल्या.

"अहो, जरा जोरात!"

"बोंबलतोच आहे, साहेब!"

"मग विहिरीतून आल्यासारखं का येतंय?"

"म्हंजी ह्यांच्यात बी जोर न्हाई?" सुलानं भोळेपणानं विचारलं.

साहेब तडक उठून मायक्रोफोनपाशी आले. "हा फिरवला कुणी? ही फीत पुढचं ऐकते, मागचं ऐकते. कुशीचं मात्र तिला ऐकूच येत नाही!"

ज्ञानूनं खुंटीवरच्या कोटाकडे बोट दाखवलं. लालासाहेबांचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला. "चुकलो, भामाबाई," ते पुटपुटले.

साहेबांनी वरचा मायक्रोफोन हलकेच वळवला. आत्यानं पदर खोचून गज उचलला आणि दिलरुबा असा वाजवला, की मामांची बोटंही चेव आल्यासारखी धावू लागली. मग साहेबांनी ध्वनिफीत उलटी गुंडाळून हेडफोन आत्याच्याच कानांना लावले. आत्या दचकली. डोळे मिटले. तिची मान डोलू लागली.

"सुले... हे म्या वाजवलं?"

"तूच गं आत्या! तूच!"

"मुंबईतल्या मोठमोठ्यांनी कोट पाहिला नसता," साहेब मुलांच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. "ह्या पोरांचे कान आणि डोळे लाखाचे आहेत!"

नाथाजीमामांनी सतार मांडीवरून उतरवली. "साहेब, फितीवर नावं लिवताना भामाबाईंचं आधी घाला. माजं मागनं."

आत्या लाजली, पण नको म्हणाली नाही. सुलाची मान अशी ताठ झाली, जणू दिलरुबा तिनंच वाजवला होता!