फिरतं कपाट

"परत तेच कपाट," झियाद म्हणाला. "आत्ता फिक्री उस्तादांच्या कारखान्यात मागच्या दाराने आत गेलं. आणि बघ, बाहेरसुद्धा आलं."

"गिऱ्हाइकाला आवडलं नसेल," बिशोय कलिंगडाची बी थुंकत म्हणाला.

"एक चहा संपायच्या आत? आणि आता शेजारच्या कारखान्यात चाललंय. त्यांनाही आवडणार नाही वाटतं."

हनीन उठून गच्चीच्या कठड्याशी गेली. ती तेरा वर्षांची, झियाद तिचा धाकटा भाऊ आणि बिशोय खालच्या मजल्यावरचा. सुट्टीत इजिप्तमधल्या दुम्यात शहरातली निम्मी मुलं समुद्रावर होती. हे तिघं मात्र गल्लीतच होते, कारण त्यांच्या घरची माणसं इथेच फर्निचर बनवत होती.

गल्लीच्या पुढच्या बाजूला नागरी संरक्षणाचा अधिकारी तपासणीला आला होता. एका कारखान्यात शिरायचा, चहा घ्यायचा, सही करायचा आणि दुसऱ्यात शिरायचा. मागच्या बोळातून कपाट चाललं होतं, बरोबर त्याच्या एक कारखाना पुढे.

"चला खाली," हनीन म्हणाली.

"जेवण झालेलं नाही माझं."

"बिशोय, तू झोपेतसुद्धा जेवतोस. चल."

बोळात दोन हमाल तीनचाकी गाडी थांबवून घाम पुसत होते. गाडीवर ते चकचकीत कपाट, दाराला किल्ली लावलेली. बिशोय त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"काका, फुटबॉलमध्ये तुम्ही अहलीचे की झमालेकचे?"

"झमालेकचा," जाडा हमाल म्हणाला.

"अरेरे. म्हणजे काल मॅच हरल्यावर रात्री जेवला नसाल."

दुसरा हमाल अहलीचा निघाला. तो इतका मोठ्याने हसला की जाड्याने टॉवेल खांद्यावरून काढला, आणि दोघांची जी जुंपली ती मागे गाडी आहे हेही विसरून. झियादने कपाटाचं दार हळूच उघडलं.

आत गोधडीत गुंडाळलेले लाल सिलिंडर होते. आग विझवायचे. एकाच्या पोटाला पोचा होता.

"हा पोचेवाला सकाळी गल्लीतल्या पहिल्या कारखान्याच्या भिंतीवर होता," झियाद कुजबुजला. "मी पाहिलाय."

म्हणजे सगळ्या गल्लीला मिळून एवढेच सिलिंडर. तपासणी झाली की भिंतीवरून काढायचे, कपाटात घालायचे, पुढच्या भिंतीवर टांगायचे. ही माणसं लाकडावर एक ओरखडा खपवून घेत नाहीत, आणि माणसं जळाली तर चालेल.

आणि पुढचा कारखाना उस्ताद सब्रींचा होता.

 हनीनची आई तिथे माळ्यावर बसून सोफ्याची कव्हरं शिवायची, इतर बायकांबरोबर, फोमच्या ढिगात. खिडक्यांना गज. खाली यायला एकच लाकडी जिना, तोही पॉलिशच्या खोलीत उतरणारा, आणि जिन्याखाली थिनरची पिंपं. मागच्या आठवड्यात डबा द्यायला गेली तेव्हा तिने विचारलं होतं, "आई, इथे आग लागली तर तुम्ही कुठून पळणार?" आई म्हणाली होती, "हळू बोल. हे काम गेलं तर खायचं काय?"

हनीनने कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत घेतली.

"ताई, आईचं काम जाईल," झियाद म्हणाला.

"आई गेली तर?"



भांडण आटोपून हमालांनी कपाट सब्रींच्या मागच्या दाराने आत नेलं. मुलंही पाठोपाठ शिरली. थिनरच्या वासाने डोळे चुरचुरत होते. सब्रींनी कपाटाचं दार ओढलं. मग पाय टेकवून ओढलं.

"किल्ली कुठाय, गाढवांनो?"

"दारालाच होती, उस्ताद."

"मग फोड."

"तुमचंच कपाट आहे, उस्ताद. तुम्हीच सांगता ना, माझं दार हत्तीलासुद्धा फुटत नाही."

तेवढ्यात अधिकारी आत आला. "सब्रीभाई, सिलिंडर कुठायत?"

"आणायला पाठवलेत, साहेब. आधी चहा घ्या."

"ते या कपाटात आहेत, साहेब," हनीन पुढे आली.  "फिक्री उस्तादांकडे तुम्ही बघितले तेच. त्याच्या आधीच्या कारखान्यातही तेच. ही किल्ली."

अधिकाऱ्याने कपाट उघडलं. पोचेवाला सिलिंडर त्याने लगेच ओळखला, कारण सकाळपासून तो त्याच्याकडे बघून मान डोलावत होता. त्याचा चेहरा उतरला. त्याने पिन ओढली आणि दांडी दाबली. नळीतून सोड्याची बाटली उघडावी तसा फुस्स आवाज आला. बस्स.

"एकदा तरी दाबून बघायचा होतात, साहेब," बिशोय म्हणाला. अधिकाऱ्याने सिलिंडर खाली ठेवला. 

"कुणाची कार्टी आहेत ही?" सब्री ओरडले.

"माझी."

जिन्यावर आई उभी होती. हातात कात्री, केसांत फोमचे कण.

"मग उद्यापासून येऊ नकोस, उम्म झियाद." झियादची आई म्हणून गल्लीत सगळे तिला याच नावाने हाक मारायचे.

आई सावकाश खाली आली. तिने हनीनच्या खांद्यावर हात ठेवला. "आजपासूनच नाही येत. दुसरा जिना होईपर्यंत त्या माळ्यावर मी पाय ठेवणार नाही."

तिच्या मागून दुसरी बाई उतरली. मग तिसरी. मग सगळ्याच. शिलाई यंत्रांचा आवाज थांबला आणि सब्रींना कळलं, सोफे आपोआप शिवले जात नाहीत.

अधिकाऱ्याने पॉलिशच्या खोलीला सील ठोकलं. मग चहाचा पेला तसाच ठेवून तो गल्लीच्या पहिल्या कारखान्याकडे पुन्हा निघाला. या वेळी प्रत्येक पिन स्वतः ओढणार होता.

पुढे बरेच दिवस गल्लीत वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या, बाहेर, मोकळ्यावर, थिनरपासून लांब. सब्रींच्या माळ्याला एका खिडकीचे गज कापून दार झालं आणि दारातून लोखंडी जिना सरळ गल्लीत उतरला. पिंपं दूरच्या कोठारात गेली. भरलेले, स्वतःचे सिलिंडर भिंतीवर आले. मगच आई आणि बाकीच्या बायका पुन्हा कामावर आल्या. बिशोयच्या वडिलांनी त्याची पाठ थोपटली आणि म्हणाले, "तुझी बडबड कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं."

नव्या जिन्यावरून पळायची पहिली तालीम झाली तेव्हा सगळी गल्ली गोळा झाली होती. हनीनने घंटा वाजवली. बायका धडाधड खाली उतरल्या, हसत, एकमेकींना ढकलत. अधिकारी सगळ्यांसमोर म्हणाला, "हे काम माझं होतं. या मुलांनी केलं."

सब्री मिशी चोळत हनीनजवळ आले. "हुशार आहेस पोरी. पण आधी मला येऊन सांगायचं होतंस."

"तुम्ही ऐकलं असतंत, उस्ताद?"

 सब्री वर बघत होते. आई सगळ्यांत शेवटी बाहेर आली होती. माळ्यावर कुणी राहिलं नाही ना, हे तिने वळून एकदा पाहिलं आणि मग ती एकेक पायरी उतरत मोकळ्या हवेत आली.