कमानीतला शेवटचा दगड

दादा पडला तेव्हा त्याच्या कमरेचा दोर कुणी सोडला? धाकट्याने पुलाच्या परांचीवरच्या प्रत्येकाला विचारलं. प्रत्येकाला नेमकं तेव्हाच काहीतरी काम आठवलं.

नदीने दादाला तिसऱ्या दिवशी परत दिलं. धाकट्यानेच ओळखलं, स्मशानात पोचवलं आणि आठव्या दिवशी दादाच्या जागी तोच परांचीवर चढला. पूल दोनशे वर्षांचा, सरकारी यादीतला. उतरवलेल्या प्रत्येक दगडावर आकडा घातलेला. जो जिथून निघाला, तिथेच बसवायचा. कमानीत आता एकच जागा उरली होती.

"आकडा नीट बघ रे, शहाण्या!" मुकादम खालून ओरडला. "वाचता तुझ्या दादाला येत होतं."

"शिकवलेत त्याने मला. शंभरापुढचेच तेवढे राहिले."

भर दुपार होती. त्याने पोकळीत आतून चुना थापला, दगड सरकवला आणि तो पोकळ तर वाजत नाही ना, हे बघायला हातोडीने दोनदा ठोकलं.

आतून दोनदा ठोकल्याचा आवाज आला.

घुमला असेल. त्याने एकदाच ठोकलं. आतूनही एकदाच. मग त्याने हातोडी खाली ठेवली, तरी... टक... टक...

त्याने पहार घातली आणि दगड बाहेर ओढला. आत्ताच थापलेल्या चुन्यावर डाव्या हाताचा पंजा होता. तर्जनी अर्धी. दादाची अर्धी तर्जनी पूर्वी दगडाखाली गेली होती. आणि पंजा चुन्यात रुतलेला नव्हता. आतून कुणी रेटावा तसा बाहेर उठला होता.

धाकट्याने त्यावर तळवा टेकवला. ऊब लागली.

मुकादम वर आला आणि पांढराफटक पडला. "बंद कर... आधी बंद कर ते..."

"दादा आहे आत!"

"त्याला तू पोचवलंस, पोरा..."

"मग हा हात कुणाचा?"

मुकादम पाठ न वळवता, चाचपडत शिडी उतरला.

धाकट्याने नखांनी चुना ओरबाडला. मागे अखंड दगड. मुंगी शिरेल एवढीही फट नव्हती. मग त्याने पुन्हा चुना थापला, दगड बसवला, सांधे लिंपले. एक सांधा मात्र बोटभर उघडा ठेवला.

"एवढी फट पुरेल ना श्वासाला, दादा?"

फटीच्या कडेचा ओला चुना आतून फुगला. बुडबुडा फुटला. पुन्हा फुगला... या वेळी घाईने.

धाकट्याने छिन्नी घेतली आणि फट आणखी एक बोट रुंद केली.