सोळावी सोंगटी

"माझा नवरा मेलाय, आणि तो घरी यायला निघालाय," थेमेलिना म्हणाली.

पोलिम्नियाबाईंनी कॉफीचा कप खाली ठेवला. बोटींच्या विम्याचे खोटे दावे वीस वर्षं उघडे पाडून झाल्यावर त्या आता कालिम्नोस बेटावर स्वतःच्या नावाने खासगी तपास करत. त्यांचे थोरले बंधू लाझारोस, पेशाने न्हावी, दुकान बंद केल्यापासून त्यांच्या मागे मागे असत. लाझारोसांनी घाईघाईने छातीवर क्रुसाची खूण केली.

थेमेलिनाचा नवरा साकेलारिस स्पंज काढणाऱ्या बोटीचा कप्तान. ऑगस्टमध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ बोट बुडाली आणि प्रेतही मिळालं नाही. आता जानेवारी होता.

"त्याच्या खोलीत तवलीचा, त्या फासे-सोंगट्यांच्या खेळाचा, पट मांडलेला आहे, जाताना अर्धा सोडलेला," ती म्हणाली. "दर शनिवारी मी त्याच्या नावाचे गहू उकडून चर्चला नेते. परत येते तर एक पांढरी आणि एक काळी सोंगटी हललेली असते. काळ्या त्याच्या. काल तर एक काळी उलटी, मागे सरकली होती!"

"या डावात सोंगटी मागे जात नाही," लाझारोस पुटपुटले.

"तेच म्हणतेय मी. तो परत येतोय. मला न्यायला. उद्याच्या बोटीने मी कायमची पिरेयसला बहिणीकडे चाललेय. पण आंधळ्या सासूबाईंना इथे टाकून... त्यांना आम्ही अजून काही सांगितलेलंच नाही. लेक सफरीवर आहे, एवढंच त्यांना माहीत आहे."

थेमेलिनाच्या घरात लाझारोस बहिणीच्या मागून शिरले. दाराशी बांधलेली पेटी होती. खिडकीपाशी थेमेलिनाची सासू, म्हातारी कालोतिना, मसूर निवडत बसली होती. खडे पटापट बाजूला पडत होते.

"कोण आलंय गं?"

"पाहुणे आहेत, आई."

आतल्या खोलीत समुद्राचा आवाज फार जवळून येत होता. पटाशेजारी तांब्याची ताटली होती आणि तिच्यात फासे. फाशांचे ठिपके खोल कोरलेले होते. काळ्या सोंगट्यांच्या कडेला चाकूने खाच पाडलेली होती.

"एकीला खाच नाही," पोलिम्नियाबाई म्हणाल्या.

"झाडताना एक फुटली, गेल्या मंगळवारी. तिलेमाखोसच्या कॉफीखान्यातून तशीच काळी आणून पटावर त्याच घरात ठेवली. काल मागे गेली ती हीच."

"साकेलारिस इथे कुणाशी खेळायचा?"

"एकटाच. शनिवारी मी चर्चला गेले की. आई लोकर विणत बसायच्या आणि हा स्वतःशीच मोठ्याने बोलायचा. मला सासऱ्यांनी लग्नातच बजावलं होतं, या घरात बायकांनी तवली खेळायची नाही."

साकेलारिसचा भाऊ मिकेस धक्क्यावर जाळं शिवत होता.

"वहिनी गेली तर घर तुझंच की," पोलिम्नियाबाई म्हणाल्या.

"म्हणून मी भुताचं सोंग आणलं? अहो बाई, आम्हाला भावाची टोपी खुंटीवरून काढवत नाही! आणि मला तवली येत नाही. बाबांनी शिकवलं थोरल्याला. मी पडलो शेंडेफळ."

"आईला येते?"

मिकेस हसला. "तिला स्वतःचा हात दिसत नाही."

कॉफीखान्यात तिलेमाखोस कॉफी उकळता उकळता बोलला. "कप्तान? देवमाणूस, पण इथे खेळतानाही त्याच्या घरचे नियम म्हणजे डोक्याला ताप! फासे ताटलीतच टाकायचे. आकडा मोठ्याने बोलायचा. कुठून कुठे नेली तेही बोलायचं. मी म्हणायचो, अरे बाबा, मला डोळे आहेत!"

पोलिम्नियाबाई एकदम थांबल्या. "लाझारोस, चला."

कप्तानाच्या खोलीत सगळे जमले. म्हातारीलाही हाताला धरून आणलं. पोलिम्नियाबाईंनी पटाची मांडणी वहीत उतरवून घेतली आणि भावाच्या डोळ्यांवर रुमाल बांधला.

"काळ्या डावीकडे ठेवा, पांढऱ्या उजवीकडे."

"डोळे बांधून? वेड लागलंय का तुला?"

"बोटं आहेत ना? वस्तरा कसा धरायचात?"

लाझारोस कुरकुरत चाचपू लागले. रुमाल सोडला तेव्हा डावीकडे चौदा सोंगट्या होत्या आणि उजवीकडे सोळा. उजवीकडच्या पांढऱ्यांत एक काळी होती.

"प्रत्येकाच्या पंधरा असतात," पोलिम्नियाबाई म्हणाल्या. "खाच, खोल ठिपके, वाजणारी ताटली, तोंडाने सांगायची खेळी. डोळसाला यातलं काहीच लागत नाही. हे नियम ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी केलेत. तो माणूस बिनखाचेची प्रत्येक सोंगटी पांढरी समजणार आणि पांढऱ्यांच्या, म्हणजे उलट्या, वाटेने नेणार. म्हणून ती काळी उलटी गेली. कप्तान एकटा बोलत नव्हता, थेमेलिना. समोर खेळणारं माणूस होतं. शनिवारी तू चर्चला जातेस तेव्हा घरात एकच जण उरतं."

म्हातारीचे हात झग्याच्या काठाशी चाळा करत होते.

"खाचा त्यानंच पाडल्या," ती म्हणाली. "दहा वर्षांचा होता. बाप कॉफीखान्यात गेला की आम्ही मायलेक चोरून खेळायचो. पुढे ती चोरीच सवयीची झाली."

"पण आई, तो... तो सफरीवर..." थेमेलिना म्हणाली.

"दर शनिवारी पहाटे गव्हाचा वास येतो गं. जिवंत माणसासाठी कोणी गहू उकडतं का?"

पाच महिने थेमेलिना उशीत तोंड खुपसून रडली होती, सासूला ऐकू जाऊ नये म्हणून.

"डाव अर्धा होता, तोवर तो पुरता गेला नव्हता," म्हातारी म्हणाली. "म्हणून पुरवून पुरवून खेळले. शनिवारी एकच खेळी, माझी आणि त्याची. काल मोजल्या तर माझ्या सोळा! तो लहान असताना मी हरायला लागले की गुपचूप आपली एक माझ्यात सरकवायचा. मला वाटलं, आला होता."

लाझारोसांनी तोच रुमाल डोळ्यांना लावला.

पोलिम्नियाबाईंनी वहीत पाहून पट पुन्हा जसाच्या तसा मांडला. म्हातारीने काल आपण हलवलेली ती सोंगटी चाचपून काढली आणि सुनेपुढे धरली. "ही त्याची आहे. घे. बोट कधी आहे तुझी?"

थेमेलिनाने तिची मूठ परत मिटवली.

"राहू द्या तुमच्याकडेच. त्यानं दिलीय," ती म्हणाली. मग तिने फासे उचलून ताटलीत टाकले आणि मोठ्याने बोलली, "सहा आणि तीन. त्याची खेळी आता मी खेळणार, आई. पण शनिवारी. आज रविवार आहे."