रिकाम्या लेनमधले लिंबू

ही घटना खरी आहे. मी आयुष्यभर महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले. हे वाक्य लिहिताना मला होणारा संकोच वाचकांनी जमेस धरावा.

गेल्या फेब्रुवारीतली रात्र. अमावस्या नव्हती. साधी सप्तमी होती. मी नंतर मुद्दाम पंचांग पाहिले.

नाशिकहून दिंडोरीकडे जाताना एका बंद कारखान्यामागे सरळ रस्ता आहे. तिथे ड्रॅग रेस होती. दोन लेन, दोन मोटारसायकली, काही सेकंदांची झेप आणि भोवती शिट्ट्या मारणारा समाज.

माझा भाचा विहंग धावणार होता. त्याच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, मला सोबत धाडले होते.

"दादा, त्याला धड घरी आण. बाकी काही नको मला."

कारण आदल्या वर्षी याच रस्त्यावर योगेश गेला होता. सातपूरचा मुलगा, विहंगचा सरावातला जोडीदार. आयोजकांनी शोकसभेत सांगितले, रस्ता निर्वेध होता, पोराचाच ताबा सुटला. मृतावर दोष ढकलण्यात एक सोय असते. तो हरकत घेत नाही.

निदान तेव्हा मला तसे वाटत होते...

विहंगच्या प्रतिस्पर्ध्याची गाडी सुरूच झाली नाही. नियमानुसार विहंगने एकट्याने धावायचे. उजवी लेन रिकामी.

त्याने पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवले. मग एक रिकाम्या लेनमध्येही ठेवले.

"तिथे कोण धावणार आहे?" मी विचारले.

"योग्याची लेन आहे मामा. तो नेहमी उजवीकडून धावायचा."

"लिंबाने घर्षण वाढते की श्रद्धा?"

"लेक्चर घरी दे ना. पब्लिक बघतंय."

दिवा हिरवा झाला.

विहंग सुटला. इंजिनाचा आवाज दूर गेला.

...आणि दुसरा आवाज त्याच्या मागोमाग गेला.

प्रतिध्वनी म्हणून मी त्याची बोळवण केली. पण प्रतिध्वनी वेगळ्या क्षणी गिअर बदलत नाही.

मग दोन्ही आवाज एकदम थांबले. शिट्ट्याही.

मी खाली पाहिले. डावीकडचे लिंबू चिरडले होते.

उजवीकडचेही...

मी धावत सुटलो. विहंग फिनिश लाइनच्या जरा अलीकडे उभा होता. हेल्मेट हातात, चेहरा पांढराफटक.

"मामा, तो आडवा आला."

"कोण?"

"योग्या. मला ओव्हरटेक केलं आणि हात आडवा धरला. मी ब्रेक मारला. तो मात्र सरळ गेला... अंधारात."

मी मोबाइलचा उजेड पुढे टाकला. फिनिश लाइनपलीकडे, जिथे गाड्यांनी वेग कमी करायचा, तिथे रस्त्यावरच खडीचा ढीग होता.

निर्वेध रस्ता!

आयोजक नवनाथशेठ धापा टाकत आले.

"सर, जुना ढीग आहे. पोरं बरोबर कट मारून काढतात. व्हा बाजूला, फायनल लावायचीय."

"जुना म्हणजे किती? मागच्या वर्षीचा?"

त्यांनी मान फिरवली. वर्षभरात त्यांनी दिलेले ते पहिले प्रामाणिक उत्तर होते.

मी ढिगावर चढून बसलो. "आता लावा फायनल."

माईकवरून आधी विनवण्या झाल्या, मग शिव्या. विहंगला मी लांब गाडीपाशी थांबवले होते. अंधारात मी एकटाच होतो.

मग माझ्या शेजारची खडी खचली...

सावकाश. कोणी येऊन बसल्यावर खचावी तशी.

तापलेल्या इंजिनाची ऊब उजव्या दंडाला जाणवली. आणि लिंबाचा वास आला.

मी वळून पाहिले नाही.

रेस रद्द झाली. विहंगला मी धड घरी आणले. तो आता धावत नाही. मला मात्र अजूनही उजव्या कुशीवर झोपता येत नाही.

परवा यंदाच्या रेसची तारीख जाहीर झाली. मी जाऊन पाहिले. ढीग जागेवर आहे. नवनाथशेठ उत्साहात म्हणाले, "सर, एवढी नावं आलीत, यंदा एकही लेन रिकामी जाणार नाही."

मग योगेशने यायचे कुठून?

मी जाणार आहे. त्याच ढिगावर बसेन.

उजवीकडची जागा मोकळी ठेवून...