दर मंगळवारी, दर शुक्रवारी

शुक्रवार होता. सकाळच्या चहाआधी कॉमिक वेबसाइटवर चढवायचं, हे माझं बरीच वर्षं चाललेलं काम. लोक उठून दूध तापवतात, मी कॉमिक चढवते. दर मंगळवारी आणि दर शुक्रवारी चार चौकोन. पोरगी तापली असो, पाहुणे आलेले असोत, पाठ धरलेली असो, चार चौकोन गेलेच पाहिजेत. एकदा वार चुकला की वाचक सैरभैर होतात, आणि त्यांच्याहून जास्त मी होते.

कॉमिकचं नाव ‘आमचं बिऱ्हाड’. त्यात मी, माझा नवरा आणि आमची मुलगी. नवरा औषधांच्या दुकानात असतो, सकाळी जातो तो दिवेलागणीला उगवतो. मुलीला घरात सगळे चिमणी म्हणतात. कॉमिकमधली चिमणी अजून बालवाडीत आहे, बोबडं बोलते आणि लोकांना फार आवडते. खरी चिमणी आता तिसरीत गेली, चांगलं घडाघडा बोलते आणि तिला कॉमिक मुळीच आवडत नाही.

एकदा शाळेतून आल्यावर ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. काहीतरी सांगत होती, मी ‘हं, हं’ करत रेघ ओढत होते. मग ती म्हणाली, “आई, कॉमिकमध्ये तू माझ्याशी किती बोलतेस.”

मला वाटलं, कौतुक करतेय.

“इथे कधी बोलणार?”

सुट्टी लागली की कॉमिक बंद, असं मी तिला त्याच क्षणी कबूल केलं. पण सुट्टी लागेपर्यंत तरी ते ओढायचं होतं आणि माझ्यात काही उरलं नव्हतं. आधी काढून ठेवलेली शिल्लक कधीच संपली होती. घरातले सगळे विनोद वापरून झाले होते, काही तर दोनदा. मनगट ठणकत असायचं. झोपून उठलं तरी थकवा जात नसे. पोरगी मोठी होऊन लांब जायच्या आत मला तिच्याजवळ बसायचं होतं, बाकी काही नको होतं.

आता चित्रं काढणाऱ्यांची एक सवय सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. एकच चित्र फार वेळ बघितलं की डोळा सरावतो, वाकडं तोंडसुद्धा सरळ वाटायला लागतं. म्हणून आम्ही मधूनच एक बटण दाबून चित्र आरशात दिसावं तसं उलटं करतो. डावं उजवीकडे जातं, उजवं डावीकडे येतं, आणि चूक चटकन डोळ्यात भरते. ती दुरुस्त करायची, पुन्हा बटण दाबून चित्र सुलट करायचं, आणि अगदी शेवटी फुग्यांमध्ये शब्द लिहायचे.

त्या शुक्रवारी मी चित्र उलटं केलं, स्वतःचं नाक नीट केलं आणि ते पुन्हा सुलट करायचं विसरले. तसेच वर शब्द लिहिले आणि चढवून मोकळी झाले. शब्द सरळ असल्यामुळे कोणाच्याच लक्षात आलं नाही. मला दुपारी दिसलं. खिडकी पलीकडच्या भिंतीत गेली होती, माझा भांग दुसऱ्या बाजूला पडला होता, आणि कॉमिकमधली मी डाव्या हातात पेन धरून बसले होते. काढून पुन्हा चढवायला हवं होतं. पण हात उचलायचाही कंटाळा आला होता. राहू दे, म्हटलं.

सोमवारी मनगट सुजलं. नवऱ्याने दुकानातून पट्टा आणून बांधला, गोळी दिली आणि एक मंगळवार बुडाला तर काही आभाळ कोसळत नाही म्हणून दमही दिला. मी आडवी झाले. चिमणीने मध्ये येऊन काही विचारल्याचं अर्धवट आठवतं.

मंगळवारी सकाळी तो फोन घेऊनच स्वयंपाकघरात आला. हात दुखतो म्हणत होतीस आणि काढलंसच शेवटी, असं हसत म्हणाला आणि दुकानात गेला.

मी वेबसाइट उघडली. चार चौकोन होते. रेघ माझी होती, फुग्याचं शेपूट मी जसं जरा मुडपते तसंच मुडपलेलं होतं. खोली मात्र उलटीच. कॉमिकमधली मी खुर्ची सोडून उठले होते आणि पलंगावर बसून, डाव्या हातात फणी घेऊन चिमणीची वेणी घालत होते. चिमणी बालवाडीतली नव्हती. तिसरीतली होती. बाकावरची मैत्रीण शाळा सोडून गेली, आता डबा कोणाबरोबर खाऊ, असं ती सांगत होती.

खरी चिमणी शाळेतून आल्यावर मी तिला विचारलं, तुझी मैत्रीण खरंच शाळा सोडून गेली का.

“कालच सांगितलं ना तुला,” ती म्हणाली. “वेणी घालताना.”

गोळीची गुंगी असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. गुंगीत माणूस वेणी घालू शकतो, चार चौकोनही काढू शकत असेल. मग शुक्रवार आला आणि शुक्रवारचे चौकोनही आपोआप आले. पुढच्या मंगळवारीसुद्धा. वाचक खूश होते. पूर्वीपेक्षा मायेने काढता, असं एकीने लिहिलं. खरं सांगते, भीती वाटण्याआधी मला हायसं वाटलं. मी झोपून घेतलं. भर दुपारी, पडदे ओढून, मेल्यासारखी झोपले. जाग आली की खोलीत तापलेल्या चार्जरचा वास असायचा, आणि चार्जर तर मी लावलेलाच नसायचा.

अंगात जरा जीव आल्यावर मी ठरवलं, मोकळीच आहे तर आज चिमणीला शाळेतून आपण आणू. रिक्षावाल्या काकांना नको म्हणून कळवलं आणि फाटकाशी जाऊन उभी राहिले. पोरांचा लोंढा येऊन गेला, फाटकावर सामसूम झाली. मी आत डोकावले तेव्हा शिपाई चक्रावला.

“अहो, मघाशीच घेऊन गेलात की.”

मी घरी कशी आले ते विचारू नका. जिन्यात कोणी नव्हतं. कुठल्यातरी घरात नळ ठिबकत होता. आमच्या दाराशी माझ्या चपला काढून ठेवलेल्या होत्या, निळ्या पट्ट्याच्या, एक टाच झिजलेल्या. मी खाली पाहिलं. माझ्या पायातही त्याच होत्या.

आतून हसण्याचा आवाज येत होता. चिमणी इतकी पोट धरून हसलेली मी किती दिवसांत ऐकली नव्हती. मी खोलीचं दार लोटलं आणि आवाज थांबला. ती एकटीच पलंगावर बसली होती, ताज्या वेणीत. शेजारी चादर कोणी नुकतंच उठल्यासारखी चुरगळलेली होती.

“कोणाशी बोलत होतीस?”

“तुझ्याशी…” ती माझ्याकडे बघत राहिली. नीट, बारकाईने. मग हळूच म्हणाली, “आई… तू भांग का बदललास?”

मी त्याच संध्याकाळी पट्टा सोडला आणि काढायला बसले. ठणका मस्तकात जात होता. पहिल्या चौकोनात मी कॉम्प्युटर बंद केला, दुसऱ्यात उठले, तिसऱ्यात चिमणीचा हात धरला. चौथ्यात मोठ्या अक्षरांत ‘समाप्त’ लिहिलं. चित्र सुलट आहे ना, हे पुन्हा पुन्हा पाहून चढवलं आणि कॉमिकला कायमचं कुलूप घातलं. वाचक हळहळले. मला मात्र डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी चिमणीच्या आवडीचा निळा ड्रेस घालून मी शाळेच्या फाटकाशी गेले.

ती बाहेर आली. माझ्यावरून नजर फिरवून पलीकडे कोणालातरी शोधत राहिली. मी हाक मारली तेव्हा जवळ आली आणि दप्तर छातीशी धरून उभी राहिली.

“काकू,” ती म्हणाली, “माझी आई नाही आली?”

आधी मला वाटलं, खेळ आहे. मग वाटलं, राग आहे. नवऱ्यालाही तेच वाटलं, त्याने तिला रागावूनही पाहिलं. पण राग असता तर ती अशी शहाण्यासारखी वागली नसती. मी वाढलेलं थोडंसं खायची, ताट उचलून ठेवायची, मग दाराजवळ जाऊन बसायची. मी जवळ घेतलं की अंग चोरायची, परक्या घरी मुलं चोरतात तसं. एके दिवशी ती माझ्यासमोर उभी राहिली आणि अगदी अदबीने म्हणाली, “काकू, आईला बोलवा ना. मी तिला त्रास नाही देणार.”

हे ऐकून कोणती आई काय करेल, मला माहीत नाही. मी टेबलाशी जाऊन बसले. चार चौकोन काढले, चित्र उलटं केलं, उलटंच ठेवून शब्द लिहिले, आणि कॉमिकचं कुलूप काढून ते चढवलं. त्या दुपारी मागच्या खोलीतून चिमणीच्या हसण्याचा आवाज आला. मला रडू फुटलं, पण मी उठले नाही.

तेव्हापासून मी काढतेच आहे. आता चौकोन आपोआप येत नाहीत, मलाच काढावे लागतात. मनगट बरं होत नाही. मागच्या खोलीत वेण्या घातल्या जातात, पाढे म्हटले जातात, शाळेतल्या कागाळ्या सांगितल्या जातात, आणि ते सगळं ऐकून मी चित्रात उतरवते. पोरगी खुशीत आहे. नवरा दुकानातून आला की थेट तिकडे जाऊन बसतो. परवा त्याने माझ्या टेबलावर कप ठेवला. “ताई, चहा,” म्हणाला, आणि दार ओढून घेतलं.

आज दुपारी सगळं सामसूम होतं. मी तिसरा चौकोन आखत होते. भिंतीपलीकडून चिमणी दबक्या आवाजात विचारत होती.

“आई, त्या काकू किती दिवस राहणार आहेत?”

मग उत्तर आलं. शांत, मायेचं, माझ्याच आवाजात.

“मंगळवारपर्यंत.”

आज सोमवार आहे. माझे अजून दोन चौकोन रंगवायचे राहिलेत.