फुमिए-सानचा आवाज

जपानमध्ये सेंदाईच्या विद्यापीठात ध्वनीवर संशोधन करणारी नुपूर त्या दुपारी एका साध्या कामाला निघाली होती. जुन्या टेपची प्रत काढायची होती, एवढंच. भूकंपाला अडीच वर्षं झाली होती. टेकडीवरचं ते करमणूक उद्यान तेव्हापासून बंदच होतं आणि पुढच्या आठवड्यात पाडलं जाणार होतं. तिथे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या इतिहासाचा खेळ चालायचा. रंगमंचावर यांत्रिक पुतळे, आणि एकेकाचं नाव पुकारणारा बाईचा आवाज. तो फुमिए-सानचा. त्सुनामीत त्या गेल्या, सापडल्याच नाहीत. घर गेलं, फोटोही गेले.

"तिचं एवढंच उरलंय," कुलूप काढताना त्यांचे पती ओनोदेरा-सान म्हणाले. ते त्याच पुतळ्यांची देखभाल करत.

आत मिट्ट काळोख. गालिच्याचा कुबट वास. वीज तोडलेली, म्हणून टेपयंत्र चालवायला नुपूरने बॅटरी आणली होती. टेपयंत्राची वायर तिने थेट लॅपटॉपला जोडली. मायक्रोफोन नव्हताच.

"पहिले राष्ट्राध्यक्ष, जॉर्ज वॉशिंग्टन…"

आवाज मऊ होता, मुलांना जेवायला हाक मारावी तसा. ओनोदेरा-सानांनी डोळे मिटले. पुतळे निश्चल होते. पण मागे, रिकाम्या प्रेक्षागृहात, खट्‌ झालं. घडीच्या खुर्चीवर कुणी बसावं तसं.

"दुसरे, जॉन ॲडम्स…"

खट्‌.

प्रत्येक नावाला एक खुर्ची. मग दोन-दोन, तीन-तीन. टेकडीवर कधीच न येणारा समुद्राचा खारट वास आत भरला. सोळाव्या नावानंतर नुपूरचा हात टेपयंत्राच्या बटणाकडे गेला.

"ओनोदेरा-सान… थांबवू का?"

"नको. आणि मागे बघू नका…" त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. "बसू द्या त्यांना."

तिने बघितलं नाही. टेप संपली तेव्हा दोघं बाजूच्या दाराने बाहेर पडली. उन्हात आल्यावर ओनोदेरा-सान दारापुढे कमरेत वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी प्रत पोचवण्याआधी नुपूरने ती प्रयोगशाळेत हेडफोन लावून तपासली. खुर्च्यांचा आवाज नव्हता, तिचा प्रश्नही नव्हता. येणार कुठून? फक्त सोळाव्या नावानंतर, जिथे तिने तो प्रश्न विचारला होता, तिथे फुमिए-सान हलकेच म्हणत होत्या,

"थांबवू नका… अजून सगळे आले नाहीत."