आवतण दिलेला बैल

पोळ्याच्या दिवशी बोरढाण्याच्या वेशीवर बैलांची रांग लागली. आंब्याच्या पानांचं तोरण दरवर्षी दोन लाकडी बल्ल्यांना बांधत, या वर्षी ते एका पांढऱ्या कमानीला बांधलेलं होतं. कमान सुगीमापन मंडळाची. बैल खालून गेला की जमिनीतला काटा त्याचं वजन घेई, दोन्ही बाजूंचे यांत्रिक डोळे त्याच्या बरगड्या आणि चाल पाहत, आणि मग कमान शुद्ध मराठीत जाहीर करी, "सरजा. मालक, पंचफुला इंगोले. अंगस्थिती उत्तम."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंचफुलाबाईंनी सरजाच्या मागून जोडीतल्या माणक्यालाही खालून नेलं. तोही उत्तम. नवरा गेल्यापासून त्या स्वतःच बैल वेशीवर आणत. आधी नाकं मुरडणारे पुरुषही आता त्यांना रांगेत जागा करून देत, कारण गावात एवढी देखणी जोडी दुसरी नव्हती.

कमानीशेजारी मंडळाचा तरुण अभियंता समीरण गावंडे उभा होता. शेजारच्याच तालुक्यातला, शेतकऱ्याच्या घरचा. वर्षातून एकदाच सगळी जनावरं एका तोरणाखालून जातात ती पोळ्याला, तेव्हा माप त्याच दिवशी घ्यावं, ही कल्पना त्याचीच. शहरातल्या साहेबांना असलं काही सुचलंच नसतं, म्हणून त्याची पाठही थोपटली गेली होती.

"म्हंजे पीक तुमी आभाळातून पायता, अन् बैल इथून?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

"हो काकू. उपग्रह शेतं बघतो, कमान जनावरं बघते. दोन्ही मिळून गावाचा सुगी-अंक निघतो. अंक खाली गेला की चारा छावणी आपोआप लागते. अर्ज नाही, साहेबांच्या मागे फिरणं नाही."

"मंग त बरंच हाये, बापू. पान्यानं यंदा दगाच देला," असं म्हणून त्या समाधानाने घरी गेल्या.

आता हे उत्तम बैल कुठून आले, ते सांगायला हवं. पाऊस आषाढातच पाठ फिरवून गेला होता. सोयाबीन घोट्याएवढं राहिलं होतं, शेंगा पोचट. बांधावरचं गवत श्रावणातच पिवळं पडलं. पण वऱ्हाडात पोळ्याला खंगलेला बैल आणणं म्हणजे अब्रूची लक्तरं वेशीवर टांगणं. म्हणून पंचफुलाबाईंनी श्रावणभर जोडीला तुरीचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा घातला, सरकीच्या पेंडीची ढेप घातली, आणि ती संपत आल्यावर बियाण्यासाठी राखलेली ज्वारी भरडून घातली. स्वतः अंबाडीच्या भाजीवर दिवस काढले. गावात घरोघरी हेच चाललं होतं आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्याने शेकायचे आणि त्यांच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वर्षभर राबणाऱ्या जनावराला त्या एका दिवशी पाहुणा म्हणून बोलवायचं, अशी ही रीत.

यंत्राला पाहुणचार कुणी शिकवला नव्हता.

मार्गशीर्षात सगळ्यांच्या मोबाइलवर निकाल आला. 'पीक अत्यल्प. जनावरे उत्तम. या तफावतीवरून चारा दडवलेला असल्याची दाट शक्यता. छावणी नामंजूर.'

काय म्हणावं याला? ज्यांनी स्वतःच्या तोंडचा घास काढून मुक्या जनावराच्या तोंडात घातला, त्यांना एका ओळीत चोर ठरवून टाकलं. साक्षीदार कोण, तर त्यांचेच बैल! पुन्हा निकालाखाली हिरव्या रंगात लिहिलं होतं, 'आपल्या सहकार्याबद्दल आभार.' संताप यावा तो अशा आभारांचा.

आठवड्याभरात गावंडे चारा शोधायला आला. बरोबर हुंगणारं उडतं यंत्र होतं. भिंतीआडच्या गवताचा वाससुद्धा त्याला लागे. ते घरांवरून, गोठ्यांवरून, देवळाच्या कळसावरून फिरलं आणि रिकामंच परत आलं. पंचफुलाबाईंनी गावंडेचा हात धरून त्याला कुटाराच्या खोलीत नेलं. खोली झाडून घेतल्यासारखी मोकळी होती.

"पाय, कुठं दडवलं ते. सापडलं त मलेही सांगजो, माये बैल उपाशी हायेत."

"मग पोळ्याला एवढे धष्टपुष्ट कसे होते, काकू?"

"तुह्या घरी पोया नाई होत का रे?"

गावंडेचा चेहरा उतरला. त्याची आईसुद्धा श्रावणात बैलांना भरडा घालायची आणि त्याला म्हणायची, आज तू थोडं कमी खा. हे त्याला ठाऊक होतं. यंत्राला माहिती भरताना मात्र ते आठवलं नव्हतं. माहिती भरण्याच्या तक्त्यात तसा रकानाच नव्हता, आणि ज्याला रकाना नाही ते शिकलेल्या माणसाच्या डोक्यातूनही हळूहळू जातं.

"मी फेरमापन मागतो," तो म्हणाला. "आता बघितल्यावर यंत्रालाही पटेल."

फेरमापन मंजूर व्हायला फाल्गुन उजाडला. तोवर जोडीच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या, माणक्याची चाल अडखळत होती. भर उन्हात पंचफुलाबाईंनी दोघांना कमानीखालून नेलं. कमान क्षणभर थांबली आणि त्याच शुद्ध आवाजात म्हणाली, "वजनात मोठी घट. दडवलेला चारा जनावरांना दिला जात नाही. मालकाकडून हेळसांड. फेरमापन अग्राह्य."

पंचफुलाबाईंनी दोर खाली टाकला आणि त्या गावंडेकडे वळल्या.

"लठ्ठ दिसले त आमी चोर, वायले त आमी कसाई! अन् मानसं कवा हाओत रे आमी, तुह्या कमानीच्या हिशोबानं?"

गावंडे त्याच रात्री लिहायला बसला. त्याने मंडळाला तीनतीनदा कळवलं. मंडळाने तज्ज्ञ बसवले, तज्ज्ञांनी तपासलं आणि सांगितलं, यंत्राच्या तर्कात चूक नाही. खरंच नव्हती. जनावर अंगाने भरलेलं असेल तर घरात चारा आहे, चारा असून ते वाळलं तर मालक निर्दय आहे. उपाशी माणूस जनावराला खाऊ घालील, एवढी एक गोष्ट सोडली तर बाकी सगळं त्यात धरलेलं होतं.

चैत्रात माणक्या बसला. खाटकाचा माणूस दोनदा येऊन गेला होता, दोन्ही वेळा पंचफुलाबाईंनी त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. शेजाऱ्यांनी पोटाखालून बल्ली घालून माणक्याला उठवायचा प्रयत्न केला. तो अर्धा उठला आणि पंचफुलाबाईंकडे पाहून पुन्हा खाली गेला. त्यांनी त्याला शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला पुरलं. त्यानंतर सरजा कितीतरी दिवस गोठ्यात उजवीकडची जागा सोडून उभा राही. ती जागा आता मोकळीच होती, पण तो तिथे जात नसे.

दुसऱ्या वर्षी पाऊस बरा लागला आणि श्रावणात पुन्हा गायब झाला. मंडळाने मात्र दरम्यान सुधारणा केली होती. मापाच्या आठवड्यात प्रत्येक जनावराच्या गळ्यात आता एक पट्टा असे. चघळण्याच्या आवाजावरून तो वाळलं गवत, ढेप आणि पोळी वेगवेगळी ओळखी, आणि ढेप किंवा पोळी ऐकू आली की अंक वर नेई. म्हणजे वेशीवर फसवणूक नको! फसवणूक हा शब्द मंडळाचाच.

गावंडे पोळ्याच्या महिनाभर आधी मुद्दाम गावात आला. देवळासमोर सगळ्यांना बसवून त्याने समजावलं.

"नव्या वर्षाचं माप कोरं असतं, मागचं काही धरत नाहीत. या वेळी बैल आहेत तसेच आणा. झूल नको, ढेप नको. पट्टा गळ्यात आहे तोवर पोळीचा तुकडासुद्धा तोंडात जाऊ देऊ नका. अंक खाली येईल आणि छावणी लागेल. एवढं एकदा माझं ऐका."

सल्ला चांगला होता. माणूस कळवळ्याने बोलत होता, हेही सगळ्यांना दिसत होतं. गावाने मान डोलावली. पंचफुलाबाईंनीही डोलावली. एक बैल गेला होता, सरजाने येता उन्हाळा पार करायला हवा होता, आणि छावणीवाचून तो पार करणार नाही हे त्यांना पुरतं कळत होतं.

पोळ्याचा दिवस आला. वेशीवर रांग लागली, पण ती पाहवत नव्हती. शिंगं कोरी, पाठी उघड्या, गळ्यात घुंगरांच्या जागी पट्टे. दरवर्षी तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची टोमणेबाज कवनं, म्हणायला पुढे सरसावणारे बाप्ये खाली मान घालून उभे होते. सरकारला, सावकाराला, पुढाऱ्यांना झडत्यांतून सोलून काढणारं हे गाव. आज एकाच्याही तोंडून शब्द फुटेना. कमान एकेक बैल मोजत होती. "अंगस्थिती खालावलेली. अंगस्थिती खालावलेली." गावंडेच्या हातातल्या पडद्यावर अंक खाली खाली येत होता आणि त्याला हायसं वाटत होतं.

पंचफुलाबाई सगळ्यांच्या शेवटी आल्या. सरजा बारीकच होता, पण धुतलेला होता, शिंगांना गेरू होता, पाठीवर माणक्याची जुनी झूल होती. पंचफुलाबाईंच्या हातात ताट होतं आणि ताटात पुरणपोळी.

गावंडे पडदा बगलेत मारून धावत पुढे गेला.

"काकू, हे काय! आपलं ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं, बापू. महिनाभर शब्द पायला मी. पन काल खांद शेकले त्याचे. हात ऐकत नाईत, काय करू? अन् खांद शेकता शेकता तोंडातून आवतन गेलं. उद्या जेवाले या, म्हटलं मी त्याले."

"बैल आहे तो काकू, त्याला काय कळतं?"

"त्याले नसन कयत. मले कयते ना. जेवाले बोलावून उपाशी ठेवू?"

"तुम्ही घातलं तर तुमचं पाहून सगळे घालतील. पट्टे ऐकताहेत. अंक वर जाईल. छावणी गेली, तर उन्हाळ्यात हाच बैल..."

"ठाऊक हाये मले. धुऱ्यावर एक पुरला हाये मी."

रांगेतले लोक वळून पाहू लागले. घराघरांत पोळ्या झाकून ठेवलेल्या होत्या, ही गोष्ट गावंडेला आत्ता, त्या चेहऱ्यांवरून कळली. आवतण कुणी चुकवलं नव्हतं.

पंचफुलाबाईंनी सरजाचा दोर गावंडेच्या एका हातात दिला, ताट दुसऱ्या हातात.

"तू शिकेल मानूस, अन् तुही कयकय खरी हाये. मंग तूच सांग त्याले, आवतन खोटं होतं म्हून. माह्यानं नाई होत."

सरजाने मान पुढे केली. त्याचा गरम श्वास गावंडेच्या मनगटावर आला. लहानपणी आईच्या मागे उभं राहून त्याने असंच ताट धरलं होतं.

"पुढचे जनावर," कमान म्हणाली.

सगळं गाव त्याच्या हाताकडे पाहत होतं. सरजाने जीभ बाहेर काढली. हे ताट आता मागे घ्यायचं, की पुढे करायचं?